विश्लेषण : भूल दिल्यावर मेंदू आणि हृदयाचे नेमके काय होते? उंदरांवरील प्रयोग काय सांगतात?

जत तालुक्यातून मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मिरज किंवा सांगलीला जाणाऱ्या रुग्णांच्या घरच्यांचा डॉक्टरांना एक प्रश्न ठरलेला असतो, 'भूल सोसेल ना?' शस्त्रक्रियेपेक्षाही अनेकांना भुलीची धास्ती अधिक वाटते. वय झालेले असेल, रक्तदाब असेल किंवा रुग्ण वर्षा-दोन वर्षांचे मूल असेल, तर ही धास्ती आणखी वाढते. त्यातच मोबाइलवर अधूनमधून 'भुलीच्या औषधाने मेंदूच्या पेशी मरतात', 'मृत्यूनंतरही मेंदू जागा' अशा मथळ्यांच्या बातम्या फिरतात. बातमी उघडून वाचली, की प्रयोग उंदरांवर झालेला असतो. या उंदरांत नेमके काय मोजले जाते, त्यातून माणसाबद्दल किती सांगता येते आणि किती सांगता येत नाही, याचा हा आढावा.

भूल म्हणजे गाढ झोप नव्हे का?

नाही. झोपलेल्या माणसाला हलवले, चिमटा काढला तर तो जागा होतो. संपूर्ण भूल दिलेल्या माणसाला त्वचेवर चीर पडली तरी जाग येत नाही. भूलतज्ज्ञाला एकाच वेळी चार गोष्टी साधायच्या असतात. रुग्ण बेशुद्ध हवा, त्याला वेदना कळू नयेत, नंतर काही आठवू नये आणि स्नायू शांत राहावेत. हे सगळे एका औषधाने क्वचितच जमते. म्हणून दोन-तीन औषधे एकत्र वापरली जातात आणि प्रत्येक औषध मेंदूतील वेगळ्या कुलपाला वेगळी किल्ली लावते.

प्रोपोफॉल आणि सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेनसारखे वायू मुख्यतः 'गाबा' या रसायनाचा परिणाम वाढवतात. गाबा हा मेंदूचा ब्रेक आहे. केटामाइनचा मार्ग निराळा. ते 'एनएमडीए' नावाची, पेशींना उत्तेजित करणारी दारे बंद करते. एका औषधाने ब्रेक दाबला जातो, तर दुसऱ्याने वेगवेगळ्या भागांतील संवादच तुटतो. रुग्ण दोन्ही वेळा टेबलावर निपचित पडलेला दिसतो. मात्र मेंदूच्या आणि हृदयाच्या आलेखात दोन्हींचे चित्र वेगवेगळे असते.

कमरेत सुई देऊन केली जाणारी भूल, म्हणजे स्पायनल, हा आणखी वेगळा प्रकार. सिझेरियनसाठी बहुतेक वेळा हीच दिली जाते. त्यात आई जागी असते, बाळाचे रडणे ऐकते. तरीही तिचा रक्तदाब उतरू शकतो, कारण रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही काही काळ बधिर होतात. म्हणजे मेंदू शाबूत असतानाही रक्ताभिसरणावर परिणाम होतोच. भुलीचा विचार करताना मेंदू आणि हृदय या दोन्हींकडे स्वतंत्रपणे पाहावे लागते ते यासाठी.

उंदरात हे सिग्नल मोजतात कसे?

प्रयोगशाळेतील उंदीर म्हणजे घरातला उंदीर नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या याच कामासाठी वाढवलेले, बहुधा पांढरे, साधारण पाव ते अर्धा किलो वजनाचे हे प्राणी. त्यांचा मेंदू जेमतेम दोन ग्रॅमचा, तर माणसाचा १३०० ते १४०० ग्रॅमचा. विश्रांतीतील माणसाचे हृदय मिनिटाला ६० ते १०० वेळा धडकते. उंदराचे २५० ते ४५० वेळा.

मेंदूचे विद्युत तरंग टिपण्यासाठी उंदराच्या कवटीवर किंवा मेंदूत बारीक तारा बसवतात. हा झाला ईईजी. हृदयासाठी ईसीजी आणि रक्तदाबासाठी धमनीत बारीक नळी. तिन्ही आलेख एकाच वेळी संगणकावर उमटतात. कच्चा ईईजी वेड्यावाकड्या रेघेसारखा दिसतो. त्यातून अर्थ काढण्यासाठी ती रेघ वेगवेगळ्या कंपनसंख्यांत फोडली जाते. मोबाइलवर गाणे सुरू असताना इक्वलायझरच्या दांड्या वर-खाली होतात, तोच हा प्रकार. डावीकडच्या दांड्या जाड, संथ आवाजाच्या, उजवीकडच्या पातळ, जलद आवाजाच्या. मेंदूत सेकंदाला चारपेक्षा कमी कंपने असतील तर त्यांना 'डेल्टा' म्हणतात, आठ ते तेराच्या आसपास 'अल्फा' आणि तीसच्या वर 'गॅमा'. जागेपणी लहान आणि जलद लाटा अधिक असतात, गाढ झोपेत मोठ्या आणि संथ लाटा.

माणसाच्या मेंदूचे असे तरंग टिपल्याचे जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. भुलीची खोली यावरून ओळखता येईल, ही सूचना अमेरिकेत १९३७ मध्येच पुढे आली होती. तरी शस्त्रक्रियागृहात ईईजीवर आधारित यंत्रे पोहोचायला आणखी अर्धे शतक लागले.

प्रत्येक औषधाची 'सही' वेगळी कशी?

आयसोफ्लुरेन हा वायू उंदराला हुंगवला, की आधी जलद लाटा कमी होऊन संथ लाटा वाढतात. मात्रा आणखी वाढवली तर एक विचित्र नमुना दिसतो. काही क्षण लाटांची जोरदार उसळी, मग काही क्षण सपाट शांतता, पुन्हा उसळी. आणखी वाढवली तर रेघ सपाटच होते. सोबत रक्तवाहिन्या सैल पडतात आणि मात्रेच्या प्रमाणात रक्तदाब उतरत जातो.

केटामाइनचे उलटे. त्याने प्राणी बेशुद्ध असतानाही जलद गॅमा लाटा वाढतात. म्हणजे 'जलद लाटा दिसल्या की मेंदू जागा' हा सोपा नियम इथे फसतो. एकटे केटामाइन माणसात नाडी आणि रक्तदाब वाढवते. रक्तस्राव झालेल्या रुग्णासाठी अनेक ठिकाणी ते सोयीचे मानले जाते ते म्हणूनच. उंदरांत मात्र ते बहुधा झायलाझिन या जनावरांच्या औषधासोबत दिले जाते. झायलाझिन हृदयाची गती आणि शरीराचे तापमान दोन्ही खाली आणते. दोन औषधांच्या या मिश्रणाखाली उंदराच्या मेंदूत मोठ्या, संथ लाटा आणि त्यांच्यावर स्वार झालेल्या जलद लाटा एकत्र दिसतात आणि हृदय मंदावलेले असते.

तिसरे उदाहरण युरेथेनचे. त्याची एक मात्रा तासन्‌तास पुरते आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रिया बऱ्याच अंशी शाबूत राहतात. त्यामुळे हृदयाचा अभ्यास करणाऱ्यांना ते आवडते. त्याखालील उंदराचा मेंदू आपोआप दोन अवस्थांत आलटून-पालटून जातो, त्यातली एक गाढ झोपेसारखी, दुसरी स्वप्नांच्या झोपेसारखी. पण युरेथेन कर्करोगकारक आहे. म्हणून प्राण्याला पुन्हा शुद्धीवर आणायचे नसते अशाच प्रयोगांत ते वापरले जाते. माणसाला देण्याचा प्रश्नच येत नाही.

तीन औषधे, तीन वेगवेगळे मेंदू आणि तीन वेगवेगळी हृदये. त्यामुळे 'भूल दिलेल्या उंदरात अमुक दिसले' एवढेच बातमीत लिहिले असेल, तर ती बातमी अर्धीच आहे. कोणते औषध आणि किती, हे कळल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

मेंदू बेशुद्ध झाला, तर हृदयावर परिणाम का?

हृदय स्वतःच्या विजेवर चालते, पण त्याचा वेग ठरवण्यात मेंदूच्या देठाचा मोठा हात असतो. तिथून दोन प्रकारच्या नसा हृदयाकडे जातात. एक वेग वाढवणारी, दुसरी लगाम ओढणारी. शिवाय मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांच्या भिंतीत दाब ओळखणारे संवेदक असतात. दाब जरा उतरला, की ते मेंदूच्या देठाला खबर देतात आणि काही ठोक्यांत हृदयाचा वेग वाढतो. घरातील पाण्याच्या टाकीत तरंगता फ्लोट पातळी उतरली की मोटर सुरू करतो, तसाच हा प्रकार.

आयसोफ्लुरेनसारखी औषधे हा फ्लोटच सुस्त करतात. दाब उतरतो, पण हृदय पुरेसे धावून येत नाही. निरोगी हृदय घड्याळासारखे एकसारखे टिकटिकत नाही. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. भुलीत हा बारीक चढउतार कमी होतो. आलेखावर हृदय 'फार नीट' चाललेले दिसते, तेव्हा खरे तर मेंदूचा त्यावरील ताबा सैल झालेला असू शकतो.

यात श्वासाचा तिसरा धागाही गुंतलेला आहे. भुलीने श्वास मंदावला, की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. त्याने मेंदूतील रक्तवाहिन्या फुलतात आणि मेंदूकडे जाणारे रक्त बदलते. चौथा धागा तापमानाचा. लहान शरीर झपाट्याने थंड होते. उबदार गादी दिली नाही तर उंदराचे तापमान काही मिनिटांत घसरते आणि थंडीनेच हृदय आणि मेंदू दोन्ही मंदावतात. मग आलेखातला बदल औषधामुळे झाला, साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे, की थंडीमुळे? काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगात श्वास, तापमान आणि रक्तदाब सतत मोजून त्यांची नोंद दिलेली असते, ती याच कारणासाठी.

'आधी श्वास की आधी हृदय' हा वाद हैदराबादेत कसा रंगला?

हा प्रश्न नवा नाही. बोस्टनमध्ये १६ ऑक्टोबर १८४६ रोजी ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि पुढच्याच वर्षी एडिनबर्गमधून क्लोरोफॉर्म आले. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये पायाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिलेली हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी काही मिनिटांत दगावली. तेव्हापासून वाद सुरू झाला. क्लोरोफॉर्म मारते ते श्वास थांबवून की हृदय थांबवून? उत्तरावर डॉक्टरांनी कशाकडे लक्ष ठेवायचे हे ठरणार होते, छातीच्या हालचालीकडे की नाडीकडे.

या वादाचा मोठा अंक आजच्या मराठवाड्यासह पसरलेल्या निजामाच्या संस्थानाच्या राजधानीत घडला. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचे ठाम मत होते, की श्वास सांभाळला तर क्लोरोफॉर्म सुरक्षित आहे. निजामाच्या पैशातून १८८८ मध्ये पहिला हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग बसला. त्याच्या निष्कर्षांवर लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने शंका घेतली, तेव्हा १८८९ मध्ये दुसरा आयोग झाला. त्यासाठी लॉडर ब्रंटन हे नामवंत औषधशास्त्रज्ञ लंडनहून हैदराबादला आले. प्रामुख्याने कुत्रे आणि माकडे अशा शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. फिरत्या नळकांड्यावरील काजळी लावलेल्या कागदावर रक्तदाबाची रेघ उमटवली गेली. निष्कर्ष लॉरींच्या बाजूचा निघाला, आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. त्याच काळात हैदराबादेत क्लोरोफॉर्म देण्याचे काम करणाऱ्या डॉ. रुपाबाई फर्दूनजी या पारशी डॉक्टरांची गणना जगातील सुरुवातीच्या महिला भूलतज्ज्ञांत होते.

वाद मात्र मिटला नाही. इंग्लंडमध्ये गुडमन लेव्ही यांनी १९११ पासून मांजरांवर केलेल्या प्रयोगांत वेगळेच दिसले. क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना, विशेषतः शरीरात अॅड्रेनलिन वाढलेले असेल तर, हृदयाचे स्नायू एकाएकी थरथरू लागतात आणि रक्त पंप होणेच बंद पडते. म्हणजे घाबरलेल्या, अर्धवट भूल चढलेल्या रुग्णाचे हृदय श्वासाच्या आधीही थांबू शकत होते. भूल खोल गेली तर आधी श्वास थांबतो, हलकी असेल तर हृदय दगा देऊ शकते. हैदराबादेतील रेघा खोट्या नव्हत्या. त्या एका ठरावीक परिस्थितीतल्या होत्या आणि निष्कर्ष मात्र सगळ्या परिस्थितींसाठी काढला गेला. प्राण्यांवरील प्रयोग वाचताना आजही हीच चूक सर्वाधिक होते.

उंदराची मात्रा माणसाला लागू पडते का?

थेट नाही. उंदराला भूल देण्यासाठी केटामाइन साधारण ७५ ते १०० मिलिग्रॅम प्रतिकिलो या प्रमाणात पोटात टोचले जाते. माणसाला शिरेतून भूल सुरू करताना ते एक ते दोन मिलिग्रॅम प्रतिकिलो लागते. देण्याचा मार्ग वेगळा आहे हे खरेच, पण लहान प्राण्यांच्या शरीरात औषध झपाट्याने विघटित होते हेही मोठे कारण आहे.

जत तालुक्यातील पशुपालकांना याचे उदाहरण दूर शोधावे लागणार नाही. झायलाझिन हे जनावरांच्या डॉक्टरांच्या रोजच्या वापरातले औषध. घोड्याला लागते त्याच्या सुमारे दहाव्या भागात गाय किंवा बैल गुंगतो. रवंथ करणारी जनावरे या औषधाला फार संवेदनशील असतात. खिलार बैल असो वा माडग्याळ मेंढी, घोड्याच्या हिशेबाने मात्रा दिली तर जनावर हातचे जाईल. दोन पाळीव जनावरांत एवढा फरक असेल, तर उंदीर आणि माणसात किती असेल याचा अंदाज यावा.

मग उंदरांचा उपयोग काय? मात्रा बदलते, पण यंत्रणा बऱ्याच प्रमाणात सारखी असते. गाबाचा ब्रेक, एनएमडीएची दारे, दाब ओळखणारे संवेदक, मेंदूचा देठ हे सगळे दोघांतही आहे. आज शस्त्रक्रियागृहात सर्रास वापरले जाणारे, दुधासारखे पांढरे प्रोपोफॉल याच वाटेने आले. ब्रिटनमधील आयसीआय कंपनीत काम करणारे पशुवैद्यक जॉन ग्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये लहान प्राण्यांवरील चाचण्यांतून ते हेरले. १९७७ मध्ये माणसांवरील चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा ते ज्या द्रावकात विरघळवले होते त्याची काहींना तीव्र अॅलर्जी आली आणि काम थांबले. पुढे तेलाच्या बारीक थेंबांत ते मिसळले गेले आणि १९८६ मध्ये बाजारात आले. ग्लेन यांना २०१८ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. प्राण्यांनी औषध दाखवले, पण त्यातील धोका माणसांवरील चाचणीतच उघड झाला.

उलट दिशेनेही प्रयोग सुरू आहेत. भूल उतरवणारे औषध आज नाही, परिणाम ओसरण्याची वाट पाहावी लागते. अमेरिकेत केन सॉल्ट, एमरी ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले, की मिथाइलफेनिडेट दिल्यावर आयसोफ्लुरेनखालील उंदीर लवकर जागे होतात. मिशिगन विद्यापीठात २०१८ मध्ये तर सेव्होफ्लुरेन सुरू असतानाच मेंदूच्या पुढच्या भागात एक रसायन सोडून उंदरांत जागेपणाची लक्षणे परत आणली गेली. शुद्ध नेमकी कुठून नियंत्रित होते, याचा हा महत्त्वाचा धागा आहे.

लहान मुलांच्या मेंदूला भुलीने इजा होते का?

पालकांना सर्वाधिक घाबरवणारी बातमी हीच. तिचे मूळ २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आहे. सात दिवसांच्या उंदराच्या पिल्लांना तीन औषधांची एकत्रित भूल सहा तास दिली गेली. त्यांच्या मेंदूत मोठ्या प्रमाणावर पेशी मेल्या आणि पुढे शिकण्याच्या चाचण्यांत ती मागे पडली. नंतर अनेक प्रयोगशाळांत असेच दिसले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये इशारा दिला, की तीन वर्षांखालील मुलांना किंवा गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांतील महिलांना तीन तासांहून अधिक किंवा वारंवार भूल दिल्यास मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.

पण पिल्लाचे सहा तास म्हणजे बाळाचे सहा तास नव्हेत. उंदराच्या मेंदूची वाढ काही आठवड्यांत उरकते, माणसाची वर्षानुवर्षे चालते. शिवाय इतक्या छोट्या पिल्लाचा रक्तदाब, साखर, ऑक्सिजन तासन्‌तास योग्य पातळीवर ठेवणे अवघड. त्यामुळे हानीत औषधाचा वाटा किती आणि बिघडलेल्या रक्ताभिसरणाचा किती, हा प्रश्न उरतोच.

याचे उत्तर माणसांतच शोधावे लागणार होते. सात देशांतील २८ रुग्णालयांत ७२२ बाळांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी काही बाळांना सेव्होफ्लुरेनची संपूर्ण भूल दिली होती, तर काहींना जागे ठेवून फक्त खालचा भाग बधिर केला होता. पाच वर्षांच्या वयात दोन्ही गटांच्या बुद्ध्यांकात फरक आढळला नाही. या बाळांची भूल साधारण तासाभराचीच होती. म्हणजे गरजेच्या, एकदाच होणाऱ्या छोट्या शस्त्रक्रियेसाठी पालकांनी घाबरून ती टाळू नये, असा दिलासा यातून मिळतो. लांब आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या शस्त्रक्रियांबाबत मात्र हा अभ्यास काही सांगत नाही. अशा वेळी 'ही शस्त्रक्रिया आत्ताच हवी का, पुढे ढकलता येईल का' हा प्रश्न डॉक्टरांना विचारणे रास्त आहे.

'मृत्यूनंतर मेंदू उजळतो' या बातमीचे काय?

मिशिगन विद्यापीठातील जिमो बोर्जिगिन यांच्या गटाने २०१३ मध्ये नऊ उंदरांवर प्रयोग केला. हृदय थांबल्यावर पहिल्या ३० सेकंदांत त्यांच्या मेंदूत सुसंगत गॅमा लाटांची लाट उसळली. जगभर ती बातमी 'मृत्यूच्या उंबरठ्यावरील अनुभवांचे रहस्य उलगडले' अशी गाजली.

इथे वाचकाने विचारायचा पहिला प्रश्न, हे उंदीर कोणत्या भुलीत होते? केटामाइन आणि झायलाझिनच्या. केटामाइन गॅमा लाटांवर स्वतःच परिणाम करते, हे वर आलेच आहे. संशोधकांनी श्वास कोंडून मेलेल्या उंदरांतही जवळपास असाच नमुना नोंदवला, त्यामुळे सगळे श्रेय औषधाला देता येत नाही. याच गटाने २०२३ मध्ये जीवनरक्षक यंत्रणा काढलेल्या चार रुग्णांची नोंद तपासली, तेव्हा दोघांत गॅमा लाटा वाढलेल्या दिसल्या आणि दोघांत नाही. मरणाऱ्या मेंदूत काही काळ हालचाल होते, एवढे यातून म्हणता येते. त्या क्षणी काही जाणवते का, हे उंदीर सांगू शकत नाही आणि आलेखही.

शस्त्रक्रियागृहात या ज्ञानाचा वापर होतो का?

होतो, पण मर्यादेसह. मोठ्या रुग्णालयांत कपाळावर पट्टी लावून ईईजी वाचणारी यंत्रे असतात. ती भुलीची खोली एका आकड्यात सांगतात. उंदरांत दिसणारी 'उसळी आणि शांतता' वृद्ध रुग्णांत दिसली, की नंतर गोंधळलेली, भ्रमिष्ट अवस्था येण्याचे प्रमाण जास्त आढळते. मग यंत्र पाहून भूल हलकी ठेवली तर हा त्रास टळेल का? अमेरिकेत साठी ओलांडलेल्या १,२३२ रुग्णांवर झालेल्या २०१९ मधील चाचणीत तसे दिसले नाही. यंत्राच्या आधारे भूल दिलेल्या गटात २६ टक्के आणि दुसऱ्या गटात २३ टक्के रुग्णांना हा त्रास झाला. कदाचित ती शांतता हे कारण नसून आधीच नाजूक असलेल्या मेंदूचे लक्षण असावे. शिवाय केटामाइन दिले असेल तर जलद लाटांमुळे यंत्राचा आकडा फसवा येऊ शकतो. म्हणून यंत्र असले तरी भूलतज्ज्ञाची नजर ईसीजी, रक्तदाब, ऑक्सिजन आणि श्वासातील कार्बन डायऑक्साइड या सगळ्यांवर एकत्रच असते.

प्राण्यांवरील प्रयोगांना भारतात काय नियम आहेत?

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० नुसार प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेखीसाठी केंद्रीय समिती आहे आणि १९९८ चे नियम लागू आहेत. शस्त्रक्रिया असलेल्या प्रयोगात पुरेशी भूल देणे कायद्याने बंधनकारक आहे. प्राणी इतका जखमी झाला की शुद्धीवर आल्यास त्याला तीव्र यातना होतील, तर त्याला भुलीतच मारावे, असेही कायदा सांगतो. पुण्याची राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्था किंवा खारघरचे टाटा स्मारकाचे संशोधन केंद्र अशा प्रत्येक ठिकाणी प्रयोगाआधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते. या समितीत बाहेरचे सदस्यही असतात. मार्च २०२३ मध्ये औषध चाचण्यांच्या नियमांत बदल होऊन पेशींवरील आणि संगणकीय पर्यायी पद्धतींनाही वाट मोकळी झाली. पण मेंदू, हृदय, श्वास आणि तापमान यांचा एकत्र खेळ काचेच्या तबकडीतल्या पेशींत उभा करता येत नाही. भुलीच्या संशोधनात प्राण्यांची जागा घेणे त्यामुळेच अवघड जाते.

रुग्ण आणि नातेवाइकांनी काय लक्षात ठेवावे?

'भूल सोसेल ना' या प्रश्नाचे उत्तर औषध, मात्रा आणि त्या रुग्णाचे शरीर या तिघांवर अवलंबून असते. पहिल्या दोन गोष्टी भूलतज्ज्ञाच्या हातात असतात. तिसरीची खरी माहिती रुग्णाकडेच असते आणि शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत ती लपवली जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

• रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा, फिट्स यांच्या सगळ्या गोळ्या सोबत न्याव्यात. कोणती घ्यायची आणि कोणती थांबवायची हे स्वतः ठरवू नये. काही गोळ्या अचानक बंद केल्या तर भुलीत रक्तदाब उसळतो, काही घेतल्या तर फार उतरतो.

• तंबाखू, मिश्री, विडी, दारू यांची सवय लाज न बाळगता सांगावी. आयुर्वेदिक काढे, गावातील वैदूचे औषध, झोपेची गोळी हेही सांगावे.

• आधी कधी भूल दिली असेल आणि त्रास झाला असेल, किंवा घरात कुणाला भुलीत गंभीर त्रास झाला असेल, तर ते आवर्जून सांगावे. हलणारा दात किंवा कवळी असेल तर तेही.

• मोठ्या माणसांसाठी साधारण नियम असा, की हलके जेवण शस्त्रक्रियेच्या सहा तास आधीपर्यंत आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत. दुधाचा चहा हा पाणी नव्हे, तो जेवणातच धरला जातो. पहाटे निघताना घेतलेला घोटभर चहा लपवला तर भुलीत उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. डॉक्टरांनी वेगळी वेळ सांगितली असेल तर तीच पाळावी. लहान मुलांच्या वेळा वेगळ्या असतात.

• उंदरांवरील प्रयोगाची बातमी मोबाइलवर आली तर चार गोष्टी तपासाव्यात. कोणते औषध होते, किती आणि किती वेळ दिले, प्राण्याचा श्वास, तापमान आणि रक्तदाब सांभाळला होता का, आणि माणसांत तसे दिसले आहे का. यातल्या चौथ्या प्रश्नाचे उत्तर बातमीत नसेल, तर त्या बातमीच्या आधारे ठरलेली शस्त्रक्रिया रद्द करू नये.